कॉम्प्युटरवर दोन पहारेकरी

कन्नड मुलखातल्या जयलक्ष्मीपुरमच्या जगन्नाथराव जगतापांनी एका किल्लीनं उघडणाऱ्या दारावर आयुष्यात कधी विश्वास ठेवला नाही. यात त्यांचा फारसा दोष नव्हता. त्यांचे आजोबा तिथल्या महाराजांच्या राजवाड्यात पहाऱ्यावर होते, आणि कुठल्याही दारावर एकटा शिपाई उभा करायचा नाही असा तिथला दंडक होता. दोघं उभे करायचे, तेही एकमेकांचे सोयरे नसलेले. म्हणजे दारावर दोघांचं लक्ष राहतं आणि दोघांचं एकमेकांवर. 'एकटा पहारेकरी म्हणजे अर्धा चोर,' असं आजोबा म्हणत. पुढच्या दोन पिढ्यांत जगतापांच्या घरात बऱ्याच गोष्टींवरून वाद झाले, या वाक्यावरून कधी झाला नाही.

नातवाला नोकरी लागली तीही सरकारी खजिन्यात. खजिन्याच्या तिजोरीच्या खोलीला दोन कुलपं असतात. एक किल्ली एकाकडं, दुसरी दुसऱ्याकडं. दोघं हजर असल्याशिवाय दार उघडत नाही. साहेब हे समजावून सांगायला लागले तेव्हा जगन्नाथरावांना आपण घरीच आलो असं वाटलं. पुढं एच. डी. कोटे तालुक्याला असताना एकदा दुसऱ्या किल्लीवाले गंगाधरराव पाहुण्यांना कबिनी नदीकाठचे हत्ती दाखवायला गेले आणि त्यांची जीप जंगलाच्या तोंडाशी बंद पडली. सगळा तालुका तिजोरीतल्या स्टॅम्पपेपरासाठी ताटकळला. जगन्नाथराव आपली किल्ली मुठीत धरून बंद दारासमोर खुर्ची टाकून बसले. लोकांनी शिव्या घातल्या, त्या त्यांनी ऐकून घेतल्या. नोकरीतला सगळ्यात चांगला दिवस कुठला असं कुणी विचारलं, तर ते अजून हाच सांगतात.

निवृत्त झाले तरी खोड गेली नाही. घराच्या गेटला दोन कुलपं आहेत. एकाची किल्ली त्यांच्याकडं, दुसऱ्याची बायकोकडं, म्हणजे गिरिजाबाईंकडं. गिरिजाबाई मार्केटात भाजीला गेलेल्या असल्या आणि जगन्नाथराव फिरून आधी परत आले, की ते गेटबाहेरच्या कट्ट्यावर बसून राहत. येणारेजाणारे विचारत, बाहेर का बसलात? "किल्ली यायचीय," असं ते सांगत, आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नसे. वरच्या मजल्यावर पुण्याहून नोकरीसाठी आलेली देवश्री भाड्यानं राहते. तिला बाजूनं वेगळा जिना आणि वेगळं फाटक आहे, म्हणून ती टिकली.

गिरिजाबाईंची गोष्ट वेगळी होती. त्या लग्नाआधी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होत्या. लग्नानंतर पुरं करायचं असं ठरलं होतं. मग सासूबाईंना अर्धांगवायू झाला, आणि गिरिजाबाईंनी पुस्तकं ट्रंकेत घातली. शिक्षण सोड असं त्यांना कुणी म्हणालं नाही. म्हणायची वेळच आली नाही. सासूबाई गेल्या, मुलगा शरत शिकून बंगळुरूला गेला, जगन्नाथराव निवृत्त झाले, आणि एके दिवशी जेवताना सारू वाढता वाढता गिरिजाबाई म्हणाल्या, "बी.ए.ला नाव घातलंय मी. कन्नडमधनं. घरनंच करायचं, कंप्यूटरवर."

"ह्या वयात?" जगन्नाथरावांनी विचारलं.

"त्या वयात झालं न्हाई न्हवं, अल्वा?" गिरिजाबाई म्हणाल्या आणि त्यांनी पापड वाढला.

शरतनं कॉम्प्युटर पाठवून दिला. तो मधल्या खोलीत बसला, त्याच्यावर गिरिजाबाईंनी विणलेला रुमाल बसला, आणि दुपारची भांडी झाली की गिरिजाबाई त्याच्यासमोर बसायला लागल्या. जुन्या कन्नड कवितांचे अर्थ त्या मोठ्यानं वाचत. जगन्नाथरावांना त्यातलं निम्मं समजत असे, पण ते वर्तमानपत्राआडून ऐकत. असं करता करता शेवटचं वर्ष आलं, आणि शेवटच्या वर्षाचा शेवटचा पेपर.

पेपर घरी बसूनच द्यायचा होता. विद्यापीठानं पाठवलेला प्रोग्राम उघडायचा, कॅमेरा चालू ठेवायचा, दार लावून घ्यायचं, खोलीत दुसरं कुणी नको. कॉम्प्युटर मधेच बंद पडला तर जेवढं लिहिलं तेवढ्यावर पेपर दिला असं धरणार. मग पुन्हा पुढच्या वर्षी.

"पुढच्या वर्षी मी बसणार न्हाई," गिरिजाबाईंनी आधीच सांगून टाकलं. "एकदा सोडलं आणि परत धरलं. आता परत सुटलं तर धरायला व्हायचं न्हाई माझ्याच्यानं."

हे त्यांनी डोळ्यांत पाणीबिणी न आणता, शेंगा सोलताना सांगितलं. म्हणून जगन्नाथरावांना ते जास्त लागलं.

आणि नेमकं त्याच आठवड्यात कॉम्प्युटर बोंबलला. गिरिजाबाई कुठल्याशा ओळीचा अर्थ शोधत होत्या, तेवढ्यात सगळा पडदा लाल झाला, भोंगा वाजायला लागला, आणि इंग्रजीत अक्षरं आली की तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरलाय, ताबडतोब या नंबरवर फोन करा. गिरिजाबाईंनी भिंतीवरचं बटण बंद केलं, जाऊन कुकर उतरवला, आणि मग नवऱ्याला सांगितलं, "अवो, आत कोणतरी शिरलंय म्हणतंय."

निवृत्तीनंतर जगन्नाथरावांना इतकं थेट बोलावणं कुणाकडून आलं नव्हतं. त्यांनी चष्मा लावला. "तू अभ्यास कर," ते म्हणाले. "ह्ये माझ्याकडं."

दुसऱ्या दिवशी ते अर्सू रोडवर सौम्याच्या दुकानात गेले. सौम्या कॉम्प्युटरचं सामान विकते आणि शांत स्वभावाची म्हणून ओळखली जाते. तिनं अँटीव्हायरसची एक लाल डबी काढून पुढं ठेवली. बोलणं कन्नडमध्ये झालं, पण कुठल्याही भाषेत ते तसंच झालं असतं.

"हे काय करतं?" जगन्नाथरावांनी विचारलं.

"आत येणाऱ्या प्रत्येकावर नजर ठेवतं, सर. संशय आला की पकडून कोंडून घालतं."

"आणि ह्याच्यावर नजर कोण ठेवतं?"

"ह्याच्यावर कशाला ठेवायची, सर?"

जगन्नाथरावांनी तिच्याकडं जरा दयेनं पाहिलं. पोरगी हुशार होती, पण खजिन्यात काम केलेली नव्हती. त्यांनी लाल डबी घेतली आणि तिथून थेट गोकुलमला गंगाधररावांकडं गेले. हत्ती दाखवायला गेलेले गंगाधरराव ते हेच. चाळीस वर्षांचा स्नेह होता, आणि दुसऱ्या किल्लीबद्दल सल्ला घ्यायचा तर दुसऱ्या किल्लीवाल्याचाच घ्यावा.

गंगाधररावांच्या माडीवर योग शिकायला आलेले परदेशी लोक राहतात. त्यांच्या घरात निळ्या डबीचा अँटीव्हायरस होता. एका जर्मन पाहुण्यानं त्याचं नाव सुचवलं होतं, तेही शीर्षासनात असताना. "डोक्यावर उभा असलेला माणूस खोटं बोलत न्हाई," गंगाधरराव म्हणाले. "बोलायला गेला तर पडतो. मी पाहिलंय."

"लाल कसा?"

"लाल चांगलाच असंल. पण निळा जर्मनानं सांगितलाय."

आता लाल की निळा, असा पेच तुम्हाआम्हाला पडला असता. जगन्नाथरावांना पडला नाही. लाल एका ठिकाणचा, निळा दुसऱ्या ठिकाणचा, एकमेकांची ओळखदेख नाही, सोयरीक नाही. आजोबांनी पहाऱ्यावर माणसं निवडली असती तर अशीच निवडली असती. परतताना त्यांनी निळी डबीही घेतली.

डब्या घरी येऊन उघडल्या तेव्हा आत काहीच नव्हतं, नुसतं एक कार्ड आणि त्यावर नखानं खरवडायचा एक लांबलचक नंबर. रिकाम्या डबीबद्दल बोलायला त्यांनी सौम्याला फोन केला. त्या नंबरालाच किल्ली म्हणतात असं तिनं सांगितलं, आणि जगन्नाथरावांचं मन एकदम निवलं. दोन डब्या, दोन किल्ल्या. लाल कार्ड त्यांनी स्वतःच्या पाकिटात ठेवलं आणि निळं गिरिजाबाईंना दिलं. त्यांनी ते जिऱ्याच्या डब्यामागं ठेवलं.

आधी लाल बसवला, म्हणून तो हवालदार झाला. मागून निळा बसवला, तो नाईक. नाईक बसताना पडद्यावर सूचना आली की इथं आधीच एक अँटीव्हायरस आहे, तो काढून टाकल्याशिवाय पुढं जाणं बरं नव्हे. जगन्नाथरावांना हसू आलं. खजिन्यातसुद्धा नवा माणूस रुजू झाला की पहिली गोष्ट हीच सांगायचा, की जुन्याला हलवा. त्यांनी तेव्हा ऐकलं नव्हतं, आताही ऐकलं नाही. 'तरीही पुढे जा' यावर बोट ठेवलं आणि पुढं गेले.

पहिल्या दिवशी कॉम्प्युटर सुरू व्हायला इतका वेळ लागला की गिरिजाबाईंचा उपमा होऊन कॉफीही झाली. "तपासणी चाललीय," जगन्नाथराव म्हणाले. दुसऱ्या दिवशी हवालदारानं नाईकाची एक फाइल पकडून कोंडली आणि तसं लेखी कळवलं. संध्याकाळी नाईकानं हवालदाराच्या दोन कोंडल्या. जगन्नाथराव समाधानानं मान हलवत होते. दोघांपैकी कुणीही दुसऱ्याची भीड ठेवत नव्हता. असा चोख पहारा त्यांनी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता.

पेपर रविवारी होता. शुक्रवारी संध्याकाळी सरावाचा पेपर होता, यंत्र नीट चालतं का ते पाहण्यासाठी. गिरिजाबाईंनी साडी बदलली, केस नीट केले, कारण कॅमेरा होता, आणि त्या बसल्या. प्रोग्राम उघडला. पहिला प्रश्न आला. त्यांनी दोन ओळी लिहिल्या. मग हवालदारानं प्रोग्राम पकडला. तो त्याला कोंडतोय तोवर नाईकानं हवालदाराला धरलं. पडदा निळा झाला, मग काळा, आणि मग काहीच झालं नाही.

गिरिजाबाई ओरडल्या नाहीत. "साकु," म्हणजे पुरे, एवढंच म्हणाल्या. पुस्तक मिटलं, वर रुमाल टाकला, आणि स्वयंपाकघरात जाऊन तूरडाळ पाखडायला बसल्या. डाळ कालच पाखडून झालेली होती.

जगन्नाथराव मधल्या खोलीत उभेच राहिले. त्यांना भीती वाटली. चोराची त्यांना कधी भीती वाटली नव्हती. आत चाललेल्या त्या सुपाच्या आवाजाची वाटली. ते बाजूच्या फाटकानं जिना चढून वर गेले, दम लागला तरी थांबले नाहीत, आणि देवश्रीला ऑफिसची पिशवीही खाली ठेवू न देता घेऊन आले.

देवश्रीनं बराच वेळ खटपट करून कॉम्प्युटर जागा केला आणि पडद्याकडं पाहिलं.

"काका, तुम्ही दोन टाकलेत?"

"दोनच," जगन्नाथराव म्हणाले.

देवश्रीनं ओठ आवळले. मुलगी चांगल्या घरची, हसली नाही. "काका, दोघांनाही एकच काम शिकवलेलं असतं. प्रत्येक फाइल उघडून तपासायची. एक जण फाइलला हात घालतो, ते बघून दुसऱ्याला वाटतं हाच चोर. मग तो ह्याला पकडतो, हा त्याला. आणि त्या मारामारीत काकूंचा पेपर सापडलाय."

"म्हणजे चोर कोण न्हाईच?"

"नाही."

"मग त्या दिवशीचं लाल? भोंगा?"

"ती नुसती भीती घालायची युक्ती असते. घाबरून फोन केला की पुढं लुबाडतात. काकूंनी बटण बंद केलं ना? बास. तेच करायचं होतं."

जगन्नाथराव खुर्चीवर टेकले. "आता कुठला काढायचा? हवालदार का नाईक?"

देवश्रीला आधी ते नीट कळलं नाही, मग कळलं. "एक ठेवला तरी चालेल. पण खरं सांगू का? तुमचं काम बघता दोन्ही काढले तरी चालतील. ह्या कॉम्प्युटरमध्ये त्याचा स्वतःचा एक आहेच. घरचा. तो पुरेसा आहे."

"तो कुठं होता इतके दिवस?"

"इथंच. पहिल्यापासून. बाहेरचा कुणी येऊन बसला की तो आपणहून बाजूला होतो."

"तक्रार करत न्हाई?"

"नाही. गुपचूप बाजूला होतो."

"आणि त्याला परत कामावर घ्यायचा तर? त्याचं काय करावं लागतं?"

"काही नाही काका. जागा मोकळी करायची. येतो आपला आपण."

स्वयंपाकघरात सूप चालूच होतं. जगन्नाथरावांना ट्रंक आठवली. गिरिजाबाईंनी पुस्तकं त्यात घातली तेव्हा ते दारात उभे होते, आणि हिला अभ्यासाचा कंटाळा आला असावा असं त्यांनी स्वतःला सांगितलं होतं. तसं सांगून घेणं सोयीचं होतं. आता त्यांना लाज वाटली, चांगली कान तापेपर्यंत वाटली, आणि समोर देवश्री असल्यामुळं त्यांनी चष्मा पुसायला काढला.

"दोन्ही काढ," ते म्हणाले.

ती ते करत होती तेव्हा ते आत गेले आणि गिरिजाबाईंसमोर पाटावर बसले. पाटावर बसणं त्यांना गुडघ्यांमुळं जमत नाही, तरी बसले. "तेव्हा आईच्या दुखण्यात, तुला कुणी विचारलं नव्हतं, न्हाई?"

गिरिजाबाईंचे हात थांबले. सूप त्यांनी बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "कॉफी ठेवते. त्या पोरीनं ऑफिसातनं येऊन काही घेतलं नसंल." आणि जाता जाता, पाठमोऱ्याच, "आत्ता विचारलं न्हवं तुमी. परवागिल्ला, चालतंय."

सरावाचा पेपर रात्री जेवणाआधी पुन्हा झाला आणि शेवटपर्यंत चालला.

रविवारी सकाळी जगन्नाथरावांनी घराचा ताबा घेतला. बेलची वायर काढली. फोन गादीखाली घातला. कुकर लावायचा नाही असं ठरवून इडल्या आदल्या दिवशीच सांगून ठेवल्या. गिरिजाबाईंनी मधल्या खोलीचं दार आतून लावून घेतलं. त्या दाराला एकच कडी आहे, आणि ती आतल्या बाजूला. जगन्नाथराव तिच्याकडं थोडा वेळ बघत उभे राहिले, मग बाहेर गेटजवळच्या कट्ट्यावर जाऊन बसले.

भाजीवाला आला, त्याला त्यांनी ओठांवर बोट ठेवून पुढं घालवला. समोरच्या आंब्यावर कोकिळा ओरडत होती, तिलाही हातवारे करून पाहिलं, ती बधली नाही. गंगाधरराव स्कूटरवरून आले आणि काही विचारायच्या आत त्यांना शेजारी बसवून घेण्यात आलं. दोघंही किल्लीवाले बंद घरासमोर गप्प बसून राहिले. मधे एकदा गंगाधररावांनी कुजबुजत विचारलं, निळा कसा चाललाय? जगन्नाथराव म्हणाले, "त्याला रजा दिली." थोड्या वेळानं गंगाधरराव उठून घरी गेले. ते गेल्यावर जगन्नाथरावांनी खिशातून किल्ली काढली, गेटवरचं आपलं कुलूप उघडलं, कडीतून सोडवलं आणि खिशात टाकलं.

दुपार व्हायच्या सुमाराला गिरिजाबाई बाहेर आल्या. "आयतु," त्या म्हणाल्या. झालं.

"मधे बंद पडला?"

"न्हाई."

"सगळं लिहिलंस?"

"एक प्रश्न राहिला."

जगन्नाथराव कट्ट्यावरून उठलेच. "कशानं? काय अडवलं त्यानं?"

"त्यानं न्हाई. मला येत नव्हता." त्या हसत होत्या. लग्नात त्या जशा हसल्या होत्या तशा हसत होत्या, आणि हे जगन्नाथरावांना आठवलं याचंच त्यांना नवल वाटलं. "अवो, चला री, बाहेर जाऊ. मसाला दोसा खायचाय मला. इडल्या रात्री खाऊ."

त्या पिशवी घेऊन आल्या. गेट ओढून त्यांनी आपलं कुलूप घातलं, आणि नेहमीसारख्या बाजूला सरून त्यांच्या कुलपाची वाट बघत उभ्या राहिल्या.

"माझं काढलं," जगन्नाथराव म्हणाले. "गंजलं होतं."

दर शनिवारी ते त्या कुलपाला तेल देत असत. गिरिजाबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं, आणि त्यांच्या फुगलेल्या खिशाकडं पाहिलं. पिशवीत हात घालून त्यांनी किल्ल्यांचा जुडगा वर काढला. त्यातली एक किल्ली नखानं ओढून त्या सोडवायला लागल्या.

"मग ही आता नको," त्या म्हणाल्या.

जगन्नाथरावांनी किल्ली हातात घेऊन पाहिली. ती त्यांच्याच कुलपाची होती.

"ही तुझ्याकडं कशी?"

"तुमी सकाळी फिरायला जाऊन गंगाधररावांकडं गप्पा हाणत बसायचा. दूधवाला, गॅसवाला, कोण उघडणार त्यांना? करून घेतली."

"कधी?"

"पैल्यापासनं हाय."

म्हणजे इतकी वर्षं या गेटवर पहारेकरी एकच होता, दोन्ही किल्ल्या कमरेला लावून, आणि घरातला एक चमचाही इकडचा तिकडं झाला नव्हता. आजोबांचं वाक्य जगन्नाथरावांच्या ओठांवर आलं होतं, ते त्यांनी गिळलं.

"मी लवकर आलो, तू बाहेर असलीस, तर मग आता?" त्यांनी विचारलं. "किल्ली तुझ्याकडंच."

"कट्टा हाय की," गिरिजाबाई म्हणाल्या. "सवय हाय तुम्हाला."

मग त्यांना आठवण झाली की स्वयंपाकघराच्या खिडकीची झडप उघडीच राहिलीय. त्यांनी कुलूप काढलं, आत जाऊन आल्या आणि पुन्हा गेट ओढलं. जगन्नाथराव त्या कुलूप लावेपर्यंत बाजूला उभे राहिले.